लाजणे, लाज वाटणे, लाज काढणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोहल्यावर उभी असलेली नवरी लाजते आणि चोरी पकडली गेलेल्याला लाज वाटते. दोन्ही ठिकाणी शब्द तोच, भाव मात्र पार वेगळे. सावंतवाडीपासून अलिबागपर्यंत हा शब्द रोज तोंडी असतो, पण लिहायला, भाषांतर करायला किंवा मुलांना समजावायला बसले की अडायला होते. अशा वेळी नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

'लाज' या शब्दाचा नेमका अर्थ काय?

तीन अर्थ आहेत आणि कोणता घ्यायचा ते पुढचे क्रियापद ठरवते. एकटा 'लाज' शब्द पाहून अर्थ लावायला गेलात तर चुकाल.

'लाज वाटली', 'लाज धरली', 'लाज सोडली' म्हटले की ती मनातली भावना असते. आपण केलेले, किंवा आपल्या माणसाने केलेले, बरे नव्हते याची ती टोचणी. 'लाज राखली', 'लाज गेली', 'लाज काढली' म्हटले की तीच लाज म्हणजे अब्रू. ती दुसऱ्याच्या हातात असते, म्हणून कोणी राखतो, कोणी काढतो. द्रौपदीची लाज कृष्णाने राखली, तिथे भावनेचा संबंध नाही, मानाचा आहे. तिसरा अर्थ अंगच्या लाजरेपणाचा. 'तिला फार लाज', 'लाजेने मान वर होईना' या वाक्यांत कोणाचीही चूक झालेली नाही.

'मी लाजतो' आणि 'मला लाज वाटते' यांत फरक काय?

फरक चुकीचा. लाजणाऱ्याने काही वाईट केलेले नसते; लाज वाटणाऱ्याने बहुधा केलेले असते, निदान त्याला तसे वाटत असते. उखाणा घेताना मुलगी लाजते. उखाणा घेताना नवऱ्याऐवजी भलतेच नाव तोंडातून निघाले, तर मात्र तिला लाज वाटेल. (आणि मांडवाला पुढची दहा वर्षे पुरेल एवढा विषय मिळेल.)

व्याकरणही वेगळे चालते. 'लाजणे' अकर्मक आहे: तो लाजला, ती लाजली. 'तिने लाजले' असे होत नाही. ज्याच्यापुढे लाजायचे त्याला 'ला' लागतो: 'ती मोठ्या दिरांना लाजते', 'कष्टाला लाजू नये'. उलट 'लाज वाटणे' यात वाक्याचा कर्ता 'लाज' हा स्त्रीलिंगी शब्द आहे, त्यामुळे बोलणारा पुरुष असो की बाई, 'मला लाज वाटली' असेच म्हणायचे. 'मला लाज वाटला' म्हणणारे इथे घसरतात. ज्या गोष्टीची लाज वाटते तिला 'ची' लावतात: 'त्या वागण्याची लाज वाटते'. पुढे क्रियापद असेल तर 'सांगायला लाज वाटते'.

आणखी एक. 'शरम आली' हे हिंदी वळण आहे. मराठीत शरमही वाटते, येत नाही. 'शरमेने पाणी पाणी झालो' हेही हिंदीतून आलेले. आपल्याकडे माणूस लाजेने चूर होतो, त्याची मान खाली जाते, त्याला मेल्याहून मेल्यासारखे होते, किंवा 'धरणी पोटात घेईल तर बरे' असे वाटते. घरचे इतके असताना बाहेरून पाणी भरायची गरज नाही.

शब्द आला कुठून? आणि 'ज' कसा उच्चारायचा?

संस्कृत 'लज्जा'तून. प्राकृतातून मराठीत येताना जोडाक्षर सुटते आणि आधीचा स्वर लांबतो. 'हस्त'चा 'हत्थ' आणि मग 'हात' झाला, 'सप्त'चा 'सत्त' आणि मग 'सात' झाला, त्याच चालीने 'लज्जा'ची 'लाज' झाली.

'लाज', 'लाजणे' यांतला 'ज' काजू किंवा जाळे यांतल्यासारखा, दातांजवळचा. पण पुढे 'इ' आली की तो जीभ टाळूला नेतो: 'लाजिरवाणे' मधला 'जि' हा 'जिना'तला. 'लज्जा', 'निर्लज्ज' हे थेट संस्कृतातून घेतलेले, म्हणून तिथेही टाळूचाच. वृत्तनिवेदन किंवा नाटकाच्या तालमीत ही चूक लगेच कानाला लागते.

लाज, लज्जा, शरम : तिन्ही एकच ना?

अर्थाने जवळ, वापराने लांब. 'लाज' घरातली. 'लज्जा' पुस्तकातली, कायद्यातली आणि स्तोत्रातली. स्वयंपाकघरात 'मला लज्जा वाटते' म्हणून पाहा, लोक हसतील. 'शरम' फारसीतून आली आणि तिच्यात लाडिकपणा अजिबात नाही. मराठीत नवरी 'शरमली' म्हटले तर तिने काही गैर केले असे वाटते. म्हणून रागवायचे असेल तर 'शरम' चांगली चालते: 'शरमेची बाब', 'बेशरम'. 'लाजलज्जा' आणि 'लाजशरम' या जोड्या बहुतेक नकारातच येतात: लाजलज्जा गुंडाळून ठेवली, लाजशरम काही नाही.

मालवणीत कसे म्हणतात? गोव्यात?

मालवणीत 'माका लाज वाटता'. नकारात 'तुका लाज वाटणा नाय?' आणि घाईत नुसते 'लाज नाय तुका?' मुलगी लाजते ते 'चेडू लाजता'. तेरेखोलची खाडी ओलांडून गोव्याच्या कोंकणीत गेलात की 'लाज'ची 'लज' होते आणि क्रियापदही बदलते: 'म्हाका लज दिसता'. तिथले 'दिसता' म्हणजे डोळ्यांना दिसणे नव्हे, वाटणे. हे ठाऊक नसलेला मराठी माणूस 'लज दिसता'चे भाषांतर 'लाज दिसते' असे करून मोकळा होतो.

एक सावधगिरी. 'लाज नाय तुका?' हे मालवणी घरात आजी नातवाला दिवसातून चार वेळा म्हणते आणि त्यात धार नसते. तेच वाक्य प्रमाण मराठीत, 'तुला लाज नाही का?' असे ऑफिसात कोणाला म्हणालात तर भांडण होईल. भाषांतर करताना शब्द नेऊ नका, तापमान न्या. आजीच्या तोंडी 'काय रे हे!' एवढे पुरते.

ओशाळणे, वरमणे, खजील होणे, कानकोंडे होणे : कोणता शब्द कधी?

हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास टाकले जातात आणि तिथेच मराठी सपक होते. एकच प्रसंग घेऊन पाहू.

मे महिना, रस्त्याकडेचा आंब्याचा स्टॉल. विक्रेता पेटी दाखवत सांगतो, 'अस्सल देवगड हापूस, साहेब.' 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले तरी परराज्यातला आंबा देवगडच्या नावाने खपवणे थांबलेले नाही. गिऱ्हाईक वरचा थर उचलते, खालची रद्दी बाहेर काढते आणि ती उलगडून धरते. कागद कानडी वर्तमानपत्राचा.

विक्रेता कसनुसे हसला, पेटी हळूच बाजूला सारली आणि 'दुसरी दाखवतो' म्हणाला, तर तो *ओशाळला*. ओशाळण्यात छोटी लबाडी उघडी पडलेली असते आणि चेहऱ्यावर अर्धवट हसू असते. त्याआधी तो चढ्या आवाजात 'आमच्याच बागेतला हो!' असा वाद घालत होता आणि कागद पाहून आवाज खाली आला, तर तो *वरमला*. वरमायला आधी चढलेले असावे लागते. शांत बसलेला माणूस वरमू शकत नाही. चार गिऱ्हाइके उभी होती, सगळ्यांनी पाहिले आणि त्याला उत्तरच सुचेना, तर तो *खजील झाला*. हा शब्द मूळ अरबी, आणि त्यात बघणारे लोक महत्त्वाचे. गिऱ्हाइकाला 'माझ्या ओळखीचा आहे, फसवणार नाही' म्हणून तिथे घेऊन आलेला मित्र होता, तो *कानकोंडा झाला*. त्याने काहीच केलेले नाही, पण धड बोलता येत नाही नि धड निघताही येत नाही.

रात्री स्टॉल बंद करताना, कोणी बघत नसताना त्याला ते आठवून बरे वाटले नाही, तर त्याला *लाज वाटली*. आणि 'कागद काय, रद्दीवाल्याकडचा आहे' म्हणत तीच पेटी पुढच्या गाडीवाल्याला विकली, तर तो *निर्लज्ज*. 'निलाजरा' हा त्याचा सौम्य भाऊ. निलाजऱ्याला आपण हसत हसत शिव्या घालतो, निर्लज्जाशी व्यवहार तोडतो.

'हिरमुसणे' या यादीत घेऊ नका. ते निराशेचे आहे, लाजेचे नाही.

भीड आणि संकोच यांना लाज म्हणता येईल का?

नाही. भीड ही नात्याची असते. शेजाऱ्याने उसने घेतलेले दोन हजार मागायला जीभ रेटत नाही, ती भीड. यात लाज वाटायची तर शेजाऱ्याला वाटायला हवी, पण अडून बसतो आपण. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण याच अनुभवातून आली. संकोच म्हणजे मूळ अर्थाने आकसणे, अंग चोरून घेणे. परक्या घरात पहिल्यांदा जेवायला बसल्यावर होते तसे. 'ताकाला जाऊन भांडे लपवणे' हे संकोचाचे अस्सल चित्र आहे. गरज आहे, गेलोही आहोत, तरी भांडे पाठीमागे.

कोकणातल्या पंगतीत 'लाजू नका हं' असे म्हणतात, तेव्हा अर्थ 'संकोच करू नका' इतकाच. जावयाने त्याचे उत्तर द्यायचे नसते, भात घ्यायचा असतो. पहिल्या वेळी 'नको' म्हणणे रीत, दुसऱ्या वेळी चालते, तिसऱ्या वेळीही नकोच म्हणालात तर वाढणारी सोलकढीचे भांडे घेऊन खरोखरच पुढच्या पानाकडे जाते.

'बुजणे' हे आधी जनावराचे आहे. गाडीच्या हॉर्नला बैल बुजतो. त्यावरून 'लाजरा-बुजरा': आईच्या पदराआडून पाहणारे पोर लाजतेही आणि थोडे घाबरतेही.

'जनाची नाही तर मनाची तरी' यात काय म्हणायचे आहे?

यातला 'लाज' शब्द गिळलेला आहे, इतका रुळलेला की त्याची गरज उरली नाही. जनाची लाज म्हणजे लोक काय म्हणतील ती. मनाची म्हणजे कोणी पाहिले नाही तरी वाटणारी. म्हणीतला क्रम मात्र बघा. जनाची आधी येते, कारण ती सोपी असते. मनाची ही शेवटची आशा म्हणून मागितली जाते.

अपराधीपणा याहून वेगळा. 'मी हे वाईट केले' ही त्याची भाषा, तर लाजेची भाषा 'मी वाईट आहे' अशी. अपराधी वाटणारा भरपाई करायला जातो. लाज वाटणारा आधी तोंड लपवतो. समुपदेशनाच्या लेखांत दोन्हींसाठी 'लाज' वापरलेला दिसतो, ते टाळावे. 'अपराधीपणाची भावना' हा लांबलचक असला तरी नेमका शब्द आहे.

लाज असणे चांगले की वाईट?

आपल्या परंपरेने दोन्ही बाजूंनी बोलून ठेवले आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांच्या यादीत 'ह्री' आहे, म्हणजे लाजच. सप्तशतीच्या पाचव्या अध्यायात 'या देवी सर्वभूतेषु लज्जारूपेण संस्थिता' आहे आणि नवरात्रात ते घरोघर म्हटले जाते. नाट्यशास्त्राने 33 व्यभिचारी भावांत 'व्रीडा' म्हणून तिला जागा दिली. दशावतारात स्त्रीपार्टी पुरुषच करतो; तो पदराचे टोक बोटांत धरून मान किंचित वळवतो, ती व्रीडाच.

दुसऱ्या बाजूला सुभाषित सांगते, 'आहारे व्यवहारे च त्यक्तलज्जः सुखी भवेत्': जेवताना आणि देण्याघेण्यात लाज सोडणारा सुखी होतो. त्याच श्लोकात विद्या मिळवण्याचाही उल्लेख आहे. वर्गात शंका विचारायला लाजणाऱ्या मुलाला एवढी ओळ पाठ करून द्यावी. बाकी 'लाज नाही मना, कोणी काही म्हणा' हे सल्ला म्हणून नव्हे, टोमणा म्हणून म्हणतात.

अब्रू, चव्हाटा, विनयभंग : या शब्दांशी लाजेचे नाते काय?

'अब्रू' फारसी 'आब-रू'वरून आला: आब म्हणजे पाणी, तेज, रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचे पाणी. लाज आत असते, अब्रू बाहेर. म्हणून अब्रूच चव्हाट्यावर येते. सिंधुदुर्गातल्या कित्येक गावांत चव्हाटा हे नुसते वाक्प्रचारातले ठिकाण नाही, ते गावदेवस्थानातले खरे स्थळ आहे. तिथे बोललेली गोष्ट सगळ्या गावाने ऐकलेली असते.

कायद्याच्या भाषेत नुकसान होते ते अब्रूचे, लाजेचे नाही. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत बदनामीचे कलम 356 आहे, विनयभंगाचे 74. बातमीत 'मनास लज्जा उत्पन्न होईल असे कृत्य' ही पोलिसी ठेवणीतली ओळ येते. बातमीदारांना विनंती अशी की ती ओळ तक्रारीतच राहू द्या. वाचकाला त्यातून लाज पीडितेचीच असल्यासारखे वाटते. 'विनयभंगाचा गुन्हा दाखल' एवढे नेमके आणि पुरेसे आहे.

मुलाला 'लाज वाटत नाही का?' म्हणावे का?

हा प्रश्न नाहीच, त्यामुळे त्याला उत्तरही नाही. मूल 'वाटते' म्हणाले तर 'मग केलेस कशाला?' आणि 'नाही' म्हणाले तर विचारूच नका. चार माणसांत म्हटले की ते *लाज काढणे* होते. मुलाच्या लक्षात चूक राहत नाही, बघणारे चेहरे राहतात, आणि पुढच्या वेळी ते चूक टाळण्याऐवजी लपवते.

करायचे असे: बाजूला न्या, कृतीचे नाव घ्या, पुढचे काम सांगा. 'मावशीच्या पिशवीतले पैसे तू घेतलेस. ते परत दे, मी बरोबर येतो.' यात लाज शब्द नाही, पण ती पोचते.

पाहुण्यांसमोर मूल गप्प बसले की 'लाजतंय ते' असे लगेच जाहीर करतात, तेही थांबवलेले बरे. दहा वेळा ऐकले की मूल तो शिक्का लावूनच घेते. 'थोड्या वेळाने बोलेल' पुरे.

माफी मागताना 'मला लाज वाटते' लिहावे का?

क्वचितच. वाचणाऱ्याला तुमची भावना नको असते, चूक कोणाची आणि आता काय, हे हवे असते. 'दिलगीर आहे' यात दुःख आहे, कबुली असेलच असे नाही. म्हणून सरकारी पत्रांचा तो लाडका शब्द. 'क्षमस्व' हे गाडी उशिरा आल्यावर ठीक.

वाडीच्या गणेशोत्सवाचा हिशेब रखडला असेल तर व्हॉट्सॲप गटावर असे लिहिता येईल: 'वर्गणीचा हिशेब मी अनंत चतुर्दशीला द्यायला हवा होता, दिला नाही. चूक माझी. वही शनिवारी संध्याकाळी देवळात ठेवतो, कोणीही पाहावी.' तारीख, कबुली, उपाय. 'काही कारणास्तव' घातलेत की सगळे वाया; त्या दोन शब्दांवर मुंबईचे चाकरमानी रात्रभर चर्चा करतात.

शिमग्यात लाज सोडलेली चालते का?

होळीभोवती बोंब मारायला आणि एरवी तोंडात येऊ नयेत असे शब्द उच्चारायला त्या दिवसांपुरती मुभा असते. लाजेला ती ठरलेली सुट्टी आहे. अडचण होते ती सुट्टी वाढवणाऱ्यांची. 'शिमगा गेला तरी कवित्व उरते' ते त्यांच्यासाठीच, आणि एरवी कोणी चारचौघांत तमाशा केला की 'शिमगा केला' म्हणतात तेही त्यातूनच.

'तरुणांना लाजवेल असा उत्साह' ही स्तुती की टीका?

उत्साही म्हाताऱ्याची स्तुती. तरुणांची टीका नाही, पण त्यांनी थोडे वरमायला हरकत नाही.

लिहिताना कोणत्या चुका होतात?

'निर्लज' नव्हे, 'निर्लज्ज', ज दोनदा. 'लाजीरवाणे' नव्हे, 'लाजिरवाणे'; केविलवाणेसारखी पहिली वेलांटी. 'बेशर्म' हिंदी, मराठीत 'बेशरम'. 'भीड' दीर्घ, पण 'भिडेने', 'भिडस्त' ऱ्हस्व. 'लाज'चे सामान्यरूप 'लाजे': लाजेने, लाजेखातर.

किनाऱ्यावरच्या पर्यटन गावांसाठी वेगळी सूचना: पाटी रंगवताना डोक्यावरचा चंद्र विसरला की 'लॉज'चे 'लाज' होते, आणि 'येथे लाजेची उत्तम सोय आहे' असे काहीतरी हातात येते. रंग वाळण्याआधी एकदा वाचावे.

लाजाहोमात लाज आहे का?

नाही. तिथल्या 'लाजा' म्हणजे लाह्या.

लाजाळूचे झाड खरेच लाजते का?

पावसाळ्यात कोकणातल्या बांधांवर आणि गुरांच्या वाटांवर पसरणारे हे काटेरी, गुलाबी गोंड्यांचे झुडूप मूळचे अमेरिकेच्या उष्ण भागातले. लिनियसने 1753 मध्ये त्याला 'मिमोसा प्युडिका' नाव दिले. 'प्युडिका'चा अर्थही लाजरीच. बोट लावले की पानांच्या बुडाशी असलेल्या फुगीर गाठींमधल्या पेशींतून पाणी झटकन सरते, त्यांचा ताठपणा जातो, पाने जोडीजोडीने मिटतात आणि जोरात धक्का बसला तर अख्खा देठ खाली पडतो. काही मिनिटांनी पाणी परत भरते आणि ते उलगडते. रात्री कोणी हात न लावताही मिटते. म्हणजे हा सगळा पाण्याचा कारभार; लाजेपेक्षा आकसण्याचा, त्यामुळे 'संकोची' हे नाव त्याला जास्त शोभले असते.

याच खंडातून आलेली दुसरी वनस्पती म्हणजे जांभळट फुलांची बेशरम. फांदी तोडून ओल्या जागी फेकली तरी मूळ धरते, म्हणून ते नाव. तिला उपटायची असेल तर तोडून ओढ्यात टाकू नका. खाली वाहत जाऊन ती दुसऱ्याच्या बांधाला लागेल.